खोडायचे बटण वाजले नाही

मंगळवार, ११ मार्च. सकाळी धुके, नंतर लख्ख ऊन. नळाला पाणी बारीक. इस्त्रीवाल्याकडून चादरी आल्या, एक कमी, उद्या सांगायचे. बाळने नाश्ता नीट केला. नऊनंतर त्याचा कीबोर्ड पुन्हा बिघडला असे वाटले. दुपार इस्पितळात.

रोजनिशीत त्या दिवसाखाली सुरुवातीला एवढेच आहे. शाळेत नन्सनी आम्हाला सवय लावली होती की दिवसाची नोंद चार-सहा ओळींत बसली पाहिजे आणि तीत रडगाणे नको. मी ती आयुष्यभर पाळली. माझे यजमान गेले त्या दिवशीही नोंद दुसऱ्या पानावर गेली नाही. पण त्या मंगळवारची भीती चार-सहा ओळींत मावेना, म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहिते आहे. आणि भीती का वाटली ते कळायचे तर आधी बाळ कळायला हवा.

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. सत्तरीला टेकला, डोक्यावर औषधाला केस नाही, तरी माझ्या तोंडी बाळच. छापखान्यात त्याला टिचकी म्हणत. तो तिथे जुळारी होता, शिशाची सुटी अक्षरे जुळवून मजकूर लावणारा. त्या अक्षरांना खिळे म्हणतात. खिळे ठेवायच्या खणाखणांच्या पेटीपुढे, म्हणजे केसपुढे, उभे राहायचे, डाव्या हातात पट्टी धरायची आणि उजव्या हाताने एकेक अक्षर उचलून तीत लावत जायचे, तेही उलटे, आरशात दिसते तसे. केसकडे तो बघतसुद्धा नसे. गप्पा मारताना बोटे आपली आपण योग्य घरात जात आणि अक्षर घेऊन परत येत. चुकीचा खिळा लागला तर तो नखाने टिचकी मारून उडवी, म्हणून ते नाव.

चूक त्याला खपत नसे. त्याने लावलेल्या मजकुरात दुसऱ्या कुणाला चूक सापडली, तर ताटात केस निघावा तसे त्याचे तोंड होई. हा आजार घरीही होता. न्हाव्याच्या दुकानातली पाटी त्याने न्हाव्याच्याच कात्रीने खरवडून सुधारली होती. मी लग्नानंतर लिहिलेली पत्रे मला परत येत, लाल शाईने तपासलेली, खाली शेरा: "मजकूर बरा, घाई दिसते." माझे यजमान म्हणायचे, तुझा भाऊ माझ्या मृत्युपत्रावरही खुणा करेल. केल्याही असत्या त्याने, पण यजमानांनी मृत्युपत्र केलेच नाही.

पुढे खिळे गेले, संगणक आले. तोही शिकला. निवृत्त झाला, भावजय गेली, आणि दोन वर्षांपूर्वी मेंदूत गुठळी होऊन त्याची डावी बाजू गेली. जीभही वळेना. डोके शाबूत, शब्द शाबूत, पण तोंडातून निघे ती नुसती घरघर. तेव्हापासून तो माझ्याकडे आहे.

त्याची लेक संगणकाच्या कामात आहे. तिने वडिलांसाठी बोलणारे यंत्र आणले. आपण टाइप करायचे, ते मोठ्याने वाचून दाखवते. अडचण आली ती टाइप करण्याची. काचेच्या पडद्यावर बोट ठेवले तर कळायचेच नाही की अक्षर लागले की नाही. म्हाताऱ्या कोरड्या बोटांना ती काच दादच देईना. नेहमीचा मोठा कीबोर्ड आणला, तर एका हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत धावता धावता त्याचा खांदा भरून येई. शिवाय चाकाच्या खुर्चीच्या फळीवर तो मावत नसे. एकदा आडवा ठेवला, तर दारातून खुर्चीच जाईना.

मग तिने स्वतःच्या हाताने एक छोटा कीबोर्ड जोडून दिला. असले कीबोर्ड जोडण्याचा तिला नादच आहे. तिच्या घरी शिवणाच्या डब्यात बटणे असावीत तशी कीबोर्डची बटणे भरलेली असतात. हा हातरुमालाच्या घडीएवढा, पण जड, धातूचा. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग. दाबले की 'टिक' असा आवाज येतो आणि बोटाला खाली एक हलका ठोका बसतो. अक्षर लागले, हे बघावे लागत नाही. बाळने पहिल्याच दिवशी त्यावर हात ठेवला आणि त्याचा चेहरा कामावरून परत येऊन आपल्या खुर्चीत बसलेल्या माणसासारखा झाला. सगळी अक्षरे एका पंजाच्या आवाक्यात. यंत्र म्हणाले, "ताई, हे खिळे आहेत." मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

त्या कीबोर्डचे गुण मी मानते. खुर्चीवर मावतो, खांदा दुखत नाही, सूप सांडले तर एकेक बटण उपटून धुता येते. पण दोषही मीच भोगले. दुपारी डोळा लागावा तर शेजारच्या खोलीत टिकटिक टिकटिक, पत्र्यावर कुणी मोहरी ओतावी तशी. आणि कुणा परक्याला तो चालवता येत नाही. इतक्या थोड्या बटणांत सगळे बसवायचे म्हणून प्रत्येक बटणाला दोन-तीन कामे. बाळ त्यांना मजले म्हणे. तळमजल्यावर अक्षरे, वरच्या मजल्यावर अंक. वर जायचे तर अंगठ्याखालचे एक बटण धरून ठेवायचे. आणि कोपऱ्यातली दोन बटणे चुकून एकदम दाबली गेली, तर तो वरच्या मजल्यावरच अडकून पडतो.

हे मला पहिल्या वेळी माहीत नव्हते. एका सकाळी यंत्र एकाएकी नुसते अंक बोलू लागले. सात, तीन, तीन, शून्य. बाळ हातवारे करतोय, यंत्र अंक ओततेय. मला वाटले, दुसरा झटका आला. रुग्णवाहिका बोलावली, तपासण्या झाल्या, दिवस गेला, आणि संध्याकाळी लेकीने येऊन दोन बटणे दाबली. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी हसून सांगितले की पुढच्या वेळी आधी मेकॅनिकला दाखवा. बाळने ते वाक्य यंत्रात साठवून ठेवले आणि येईल त्या पाहुण्याला ऐकवले. दुसऱ्यांदा चहाचा कप बटणावर टेकला होता. तेव्हा मी शेजाऱ्यांची गाडी दारात उभी केली आणि मग लेकीला फोन केला. त्यानंतर घरात माझे नाव 'धावाधाव' पडले.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी बाळने लेकीपुढे नवी मागणी ठेवली. त्याचे म्हणणे, छापखान्यातल्या केसमध्ये जी अक्षरे जास्त लागतात ती हाताच्या समोर असतात, क्वचित लागणारी कोपऱ्यात. मग इथे तसे का नाही? लेकीला असली कामे आवडतात. बाप-लेक दिवसभर भांडत बसले, 'र' कुठे आणि 'त' कुठे. संध्याकाळी बटणे उपटून नव्या जागी बसवली. खोडायच्या बटणाचेही तिला काम करायचे होते. ते लांबट बटण, त्याच्याखाली आधाराला तार असते म्हणे, ती खडखडते. बाकीची बटणे 'टिक' वाजतात, ते 'ठक्' वाजते. तिच्या कानाला ते खटकते, वंगण लावून ती तो आवाज बंद करणार होती. पण उशीर झाला आणि ते राहून गेले.

सोमवारी बाळचे हाल झाले. बोटे जुन्या सवयीने जुन्या घरात जात आणि भलतेच अक्षर घेऊन येत. टिक टिक ठक्. टिक ठक् ठक्. मधूनमधून नाकातून रागाचा फुत्कार. त्यात एकदा घाईने बोलायचे बटण दाबले गेले आणि चहाऐवजी यंत्राने काहीतरी भलतेच मागितले. मी म्हटले, "घे, आणखी सुधारणा कर." त्याने दहा मिनिटे खपून उत्तर जुळवले: "ताई, सुधारणेला वेळ लागतो. तुझं अक्षर बघ."

मंगळवारी नाश्त्यानंतर मी शेजारच्या खोलीत चादरी मोजत होते आणि तो टाइप करत होता. टिकटिक टिकटिक, सलग, झरझर, पूर्वीसारखी. मला बरे वाटले. म्हटले, एका दिवसात बसला हात, शेवटी जुळारीच तो.

मग यंत्र बोलले. "पाटर कनी दोर मी खालून गाव नळ."

मला हसूच आले. मी दारातून विचारले, आज कुणाचा मजकूर जुळवतोयस? तो माझ्याकडे बघत राहिला. भुवया थोड्या वर. काही विचारले की तो उत्तराची वाट पाहताना असाच बघतो. मी नुसती हसत राहिले तशी त्याने मान हलवली आणि पुन्हा टाइप करू लागला, आधीपेक्षा लांब. यंत्राने तेही वाचले. मधूनच एखादा खरा शब्द, पुढे-मागे नुसता चिखल.

मी जवळ जाऊन कोपऱ्यातली दोन बटणे दाबली. काही फरक नाही. कीबोर्डची तार काढून पुन्हा घातली. फरक नाही. लेकीला फोन लावला. ती कामात होती, तरी उचलला, आणि सगळे ऐकून घेऊन म्हणाली की हे होणारच, नव्या मांडणीची सवय नाही, बोटे जुन्या घरात जाताहेत. संध्याकाळी येऊन ती सगळे पहिल्यासारखे करून देईल. शेवटी म्हणाली, "आत्या, तू घाबरू नकोस. आणि हे बघ, यावेळी धावाधाव नको."

तिचे काहीच चुकले नव्हते. माझ्याजवळही दुसरे स्पष्टीकरण नव्हते. बाळचे तोंड वाकडे झाले नव्हते, हात हलत होता, तो हसतही होता. मी फोन ठेवला, चादरींकडे परत गेले. एक चादर घडी केली.

आणि हातातली दुसरी तशीच राहिली, कारण मी ऐकत होते. टिकटिक चालू होती. पण 'ठक्' नव्हते. सकाळपासून एकदाही नव्हते. काल ज्या माणसाने दर दोन अक्षरांमागे खोडले, तो आज चिखल लिहीत होता आणि एकही अक्षर खोडत नव्हता. फुत्कारत नव्हता. बोटे चुकत असतील तर त्याला ते कळायला हवे होते, समोर पडद्यावर दिसत होते.

मी जाऊन पडदा वळवून त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि त्याने लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवले. त्याने ती ओळ वाचली. म्हणजे त्याचे डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग त्याने समाधानाने मान डोलावली, तपासलेले पान छपाईला सोडताना डोलवायचा तशी.

त्या क्षणाची भीती मला सांगता येणार नाही. मी त्याला सत्तर वर्षे ओळखते. खुर्चीत बाळ बसला होता, बाळचेच हसू होते आणि तो माझ्याशी बोलत होता, फक्त तो जिथून बोलत होता तिथे मला जाता येत नव्हते. आणि त्याला हे माहीत नव्हते.

तरी मी फोनजवळ थांबले. लाज वाटत होती. पुन्हा मेकॅनिकचा विनोद, पुन्हा सगळे हसणार. मग मनात आले की मी हसे होण्याला भितेय की त्याच्या जाण्याला, हे एकदा ठरवू. फोन उचलला. आकडे दोनदा चुकले.

रुग्णवाहिकेच्या बाईने विचारले, पेशंटला बोलता येतंय का?

"नाही. दोन वर्षं तो बोलत नाही."

"मग आज नवीन काय झालंय, आजी?"

"आज तो चुका दुरुस्त करत नाहीये."

मला वाटले, आता ठेवणार फोन. मग तिने आवाज खाली आणून विचारले की आधी करायचे का ते. मी म्हटले, जन्मभर. तिने पत्ता घेतला.

गाडी आली. दोघांनी त्याला उचलले, पण कीबोर्ड काही तो सोडेना. ओढायला गेलो तर डोळे मोठे केले. शेवटी तसाच मांडीवर दिला, यंत्राची तार काढून. वाटेत तो टाइप करत होता. पलीकडे पडदा नाही, यंत्र नाही, ऐकणारे कुणी नाही. गाडीचा भोंगा, आणि त्याखाली टिकटिक टिकटिक. मध्येच थांबून माझ्याकडे बघे, भुवया वर. मी हो हो म्हणत होते. कशाला हो म्हणत होते, देव जाणे. गाडीतला माणूस म्हणाला, "काका खुशीत दिसतात." मी त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही, नाहीतर रडले असते.

इस्पितळात पोचेपर्यंत टिकटिक मंदावली होती. तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने त्याला उजवा हात समोर धरायला सांगितले. त्याला कळले नाही, म्हणून तिने स्वतः धरून दाखवला. त्याने धरला, आणि तो हात हळूहळू, त्याच्या नकळत, खाली येऊ लागला. तो हात. तेवढाच एक उरला होता. डॉक्टरीणबाईचा चेहरा बदलला आणि एकदम सगळे पळू लागले. डोक्याचा फोटो काढायला त्याला नेले. कीबोर्ड माझ्या मांडीवर आला, अजून ऊबदार.

फोटोत दुसरी गुठळी दिसली, डाव्या बाजूला, शब्द जिथे राहतात तिथे. ती विरघळवायचे औषध पहिल्या काही तासांतच देता येते, नंतर नाही. ते दिले. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर, असे मी विचारायला सुरुवात केली आणि डॉक्टरीणबाईने मानेनेच 'उपयोग नव्हता' असे सांगितले. औषधाचा उपयोग होईल का, ते ती सांगेना. डोक्यात रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून नर्स सारखी येऊन बघत होती.

लेक आली ती चप्पल एका पायात नीट, एका पायात उलटी अडकवून. भिंतीला टेकून म्हणाली, "आत्या, मी तुला घाबरू नकोस म्हटलं."

"म्हणालीस. मी ऐकलं नाही."

"मी ते बटण रविवारीच गप्प करणार होते. वंगणाची बाटली पर्समध्ये होती माझ्या."

मला हे तोपर्यंत सुचलेच नव्हते. मी बाकावर बसले. ती आवाज शोधशोधून मारते. तिच्या स्वतःच्या कीबोर्डवर कापसावर चालावे इतकी शांतता असते. घरी बाळची टिकटिक मऊ असती, सगळी बटणे सारखी वाजली असती, तर मी चादरी मोजत राहिले असते. या गोष्टीला मी अजूनही घाबरते. दिवसा, काम करतानासुद्धा.

तिने मांडीवर संगणक उघडला आणि कीबोर्डची मांडणी जुनी करायला घेतली. बटणे उपटून पुन्हा पहिल्या जागी बसवत होती, आणि एकेक दाबून बघत होती. दोन-तीन टिक झाले तोच नर्सबाई आली. म्हणाली, "हे काय खटखट? इथे माणसं झोपलीत." आत कीबोर्ड न्यायचा नाही, अशी तंबीही मिळाली. मी विनवले की त्याला बोलायचे तर हेच आहे. ती म्हणाली, आज त्यांनी बोलायचंच नाहीये. म्हणजे त्याच्या डोक्यात शब्द उरलेत की नाहीत, हे विचारायची आमच्याजवळ सोयच नव्हती. काचेतून त्याचा हात दिसत होता. चादरीवर बोटे हलत होती. आवाज नसल्याने मला त्यातून काहीच कळेना.

दिवे लागायच्या सुमारास डॉक्टरीणबाई पुन्हा आली आणि आम्हाला दारापर्यंत येऊ दिले. तिने हाताने काही न दाखवता, नुसते सांगितले, "काका, डोळे मिटा."

बाळ तिच्याकडे बघत होता. बघतच होता. लेकीने माझे मनगट धरले होते ते इतके आवळले की नंतर वळ उठला.

त्याने डोळे मिटले.

"उघडा." उघडले. "आता ताई कुठे आहेत, त्यांच्याकडे बघा." त्याने मान वळवली आणि मला शोधले. त्याच्या डोळ्यांत ती सकाळची खुशी नव्हती. तो घाबरलेला होता, चांगलाच घाबरलेला, लहानपणी विहिरीच्या काठावरून मला हाक मारायचा तसा. मला वाटले, त्याला कळतेय काय झाले ते. त्याला इतके घाबरलेले बघून मला आनंद व्हावा, असा तो दिवस होता.

डॉक्टरीणबाई म्हणाली की हे चांगले लक्षण आहे. किती शब्द परत येतील, हात कितपत उठेल, हे काही दिवसांनी कळेल. रात्र महत्त्वाची. लेक तिथेच थांबली. माझ्या पायांवर सूज आली होती, म्हणून तिने मला टॅक्सीत घालून घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा सदरा, चष्मा आणि दाढीचे सामान न्यायचे होते, ते टेबलावर काढून ठेवले. मग रोजनिशी उघडली, सुरुवातीला दिलेल्या ओळी लिहिल्या आणि त्यांच्याखाली शेवटची:

नाश्त्याचे लोणी दिवसभर बाहेर राहून वितळले. गाळून दुसऱ्या डब्यात भरले.